फुटाला पाव इंच

वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मात ‘शिक्षण’ या शब्दापुढे एकच ओळ सोडलेली असते. त्या ओळीत पदवी लिहिली की माणसाचे शिकणे संपले, असा आपल्या समाजाचा जुना आणि सोयीचा समज आहे. मुलगा डॉक्टर झाला, वकील झाला, इंजिनियर झाला. त्या ‘झाला’मध्ये केवढे समाधान भरलेले असते! पेढे वाटून झाले, प्रमाणपत्राला चौकट करून झाली, ती दिवाणखान्यात टांगून झाली. आता उरले ते फक्त कमावणे. पुस्तके माळ्यावर जातात, आणि एकदा माळ्यावर गेलेली पुस्तके पुन्हा खाली आल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

आम्हा प्राध्यापकांना मात्र असे सुखाने बसू दिले जात नाही. बढतीची पायरी चढायची, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे मधूनमधून उजळणीवर्गाला जाऊन बसावे लागते. मी असे वर्ग केले आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेणारी पन्नास माणसे तिथे स्वतःच्या हजेरीची सही करायला रांगेत उभी असतात. मागचा बाक पकडण्याची त्यांची धडपड तर विद्यार्थ्यांहूनही निकराची! काही व्याख्याने खरोखरच चांगली असतात. दोनतीन मला अजून आठवतात. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वर्गात मी टिपणे काढली काय किंवा डुलकी काढली काय, त्यामुळे जगात कुणाच्याही डोक्यावर पाणी पडत नाही.

पाणी पडणे हा काही मी इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. मला साधे पावसाचे पाणीच म्हणायचे आहे. सांगतो.

माझा धाकटा मेहुणा शिकागोजवळ आर्किटेक्ट आहे. बंगले, संग्रहालये, नाट्यगृहे असले काही तो बांधत नाही. गोदामे, लांबच लांब दुकानांच्या इमारती, एखादे छोटे रुग्णालय, अशी त्याची कामे. “तुझी एखादी इमारत मासिकात आली का रे?” असे मी एकदा विचारले, तर म्हणाला, “नाही आली भाऊजी, आणि येऊही नये. मासिकात येतात त्यांची छपरं गळतात.” हा विनोद असला तरी अगदीच निराधार नाही. पॅरिसजवळची ती सुप्रसिद्ध विला साव्हॉय १९३१ साली पूर्ण झाली. ती बांधणारा ल कॉर्बुझिए म्हणजे पुढे आपले चंडीगढ उभारणारा गृहस्थ. त्या घराच्या मालकीणबाईंनी छपराच्या गळतीबद्दल त्याला लिहिलेली पत्रे त्या वास्तूइतकीच प्रसिद्ध आहेत.

गेल्या वर्षी जुलैत हा मेहुणा महिनाभर आमच्याकडे राहायला आला होता. बहिणीच्या हातची अळूची भाजी खावी, पावसाचा आवाज ऐकत झोपावे, एवढाच त्याचा कार्यक्रम. पण दोनचार दिवसांनी पाहतो तो स्वारी रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून, कानाला यंत्र लावून बसलेली. चौकशी केली तेव्हा कळले की हा शिकतो आहे! अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या त्यांच्या संस्थेचे सभासद राहायचे, तर दरवर्षी अठरा तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. त्यांतले बारा तास लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि हित यांच्याशी संबंध असलेल्या विषयांचेच हवेत. अनेक राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणालाही असे तास दाखवावे लागतात. घरबसल्या करता येण्याजोगा एक तासाचा पाठ असतो, शेवटी दहा प्रश्न, आणि त्यांतले आठ बरोबर आले पाहिजेत. त्या रात्रीचा विषय होता व्यापारी इमारतींच्या कमी उताराच्या छपरांची रचना.

आमच्या सौभाग्यवतींना हे काही पटले नाही. “अरे, अठरा वर्षं तू छपरंच बांधतोयस ना? मग आता कसलं मेलं शिक्षण?”

“ताई, मी कॉलेजात शिकलो ते छप्पर आता राहिलं कुठे?” तो म्हणाला.

आणि मग त्याने जे सांगितले, ते ऐकून मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. पूर्वी तिकडे छपरावर डांबर आणि डांबरात भिजवलेले जाड कागदासारखे पट्टे यांचे थरावर थर द्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी रबराची नाही तर प्लास्टिकची एकच चादर अंथरतात आणि तिचे सांधे जोडतात. पूर्वी छपरावर कुणी जात नसे. आता वातानुकूलनाची यंत्रे आणि सौरऊर्जेची तावदाने यांची तिथे गर्दी, आणि प्रत्येकाच्या पायासाठी चादरीला भोक. वीज वाचवायची म्हणून छपराखाली उष्णतारोधक थर दिवसेंदिवस जाड करण्याचा कायदा झाला. जाड थरामुळे घरातली ऊब वर पोचत नाही, म्हणून बर्फ लवकर वितळत नाही आणि त्याचे ओझे अधिक काळ छपरावर राहते. एक सुधारणा केली की तिच्या पोटातून दुसरी अडचण निघते. अठरा वर्षांपूर्वीच्या पदवीला यातले काहीच ठाऊक नसते.

मराठीचा प्राध्यापक छपरावरच्या व्याख्यानाला बसला, म्हणजे त्याचे लक्ष पहिल्यांदा शब्दाकडेच जाणार. तिकडचे जाणकार ‘सपाट छप्पर’ असे म्हणायचे टाळतात, ‘कमी उताराचे छप्पर’ म्हणतात. हे मला फार आवडले. आपण मात्र बेलाशक ‘सपाट गच्ची’ म्हणतो आणि मग ती सपाटच बांधतो. वास्तविक आपल्या गवंड्याजवळ याला सुंदर शब्द आहे: ढाळ. अश्रू ढाळतात, चवऱ्या ढाळतात, त्याच कुळातला हा शब्द. पाण्याला कुठे जायचे ते न बोलता सांगणारा. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण ज्या लोकांनी केली, त्यांच्या घरांना आढे होते आणि वळचण होती. पाण्याला दुसरा विचार करायला वावच नव्हता. गच्चीला आढेही नाही आणि वळचणही नाही. तिथे पाण्याला वाट शिकवावी लागते.

किती शिकवावी लागते? फुटाला पाव इंच. म्हणजे अठ्ठेचाळीसास एक. शंभराला दोन म्हटले तरी चालेल. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या छपरांना निदान एवढा ढाळ सांगितला आहे. पाव इंच ऐकून मला हसू आले होते. बोटाच्या पेरापेक्षाही कमी! पण मेहुण्याने कागद पुढे ओढला आणि गणित मांडले. शंभर फूट लांबीची गच्ची एकाच बाजूला उतरवायची झाली, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा पंचवीस इंच उंच हवे. ही दोन फूट उंची आणायची कुठून? तेवढा कठडा वाढवा, जिन्याच्या दाराचा उंबरठा वर घ्या, मालकाला खर्च समजावून सांगा. म्हणून मग मध्ये मध्ये पाण्याची तोंडे ठेवून चोहोंकडून त्यांच्याकडे ढाळ द्यायचा. आणि मालकाने हात आखडला की पहिला बळी जातो तो याच पाव इंचाचा, कारण फरशीच्या रंगासारखा तो डोळ्यांना दिसत नाही.

“पाव इंचाऐवजी अर्धा पाव दिला तर?” मी भाजीवाल्याशी बोलावे तसे विचारले.

तर काय होते, त्याचे उत्तर विलक्षण आहे. कोणतीही तुळई काळानुसार थोडी वाकतेच. ढाळ पुरेसा नसला, की तेवढ्या वाकण्याने त्याचा ढाळ मोडतो आणि मधोमध खोलगट बशी तयार होते. बशीत पाणी साचते. पाण्याला वजन असते: एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे सव्वापाच पौंड. दहा हजार चौरस फुटांच्या गोदामावर नुसते इंचभर पाणी उभे राहिले, तरी साडेतेवीस टन झाले. त्या वजनाने तुळई आणखी वाकते, बशी आणखी खोल होते, तिच्यात आणखी पाणी येते. सावकाराच्या व्याजासारखा हा प्रकार! म्हणून पाऊस थांबल्यावर अठ्ठेचाळीस तासांनंतरही पाणी छपरावर उभे असेल, तर ते दुखणे समजावे, असा त्यांच्याकडचा संकेत आहे. आणि म्हणूनच कठडा असलेल्या छपराला पाण्याची एक वाट पुरत नाही. पहिली तुंबली तर पाण्याने कुठून जावे, यासाठी थोड्या उंचीवर दुसरी वाट ठेवावी लागते.

हे सगळे त्या पाठात आले ते एका इमारतीच्या गोष्टीने. अमेरिकेत मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. तिथे १९७४ साली केम्पर अरीना हे प्रचंड क्रीडागृह उघडले. आत एकही खांब नाही. पोलादी सांगाडे सगळे बाहेर, आणि त्यांना छप्पर टांगलेले. १९७६ साली रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन तिथेच भरले आणि जेराल्ड फोर्ड यांची अध्यक्षपदाची उमेदवारी तिथेच ठरली. त्याच वर्षी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने त्या इमारतीला सन्मानाचे पारितोषिक दिले. पुढे ४ जून १९७९ च्या संध्याकाळी वादळ आले, मुसळधार पाऊस कोसळला, आणि छपराचा मधला मोठा भाग खाली आला. सुदैवाने आत कार्यक्रम नव्हता, म्हणून कुणी दगावले नाही. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. वाऱ्याने छप्पर वर्षानुवर्षे हलत राहिल्यामुळे ते टांगून धरणारे बोल्ट आधीच थकलेले होते. आणि शहराच्या गटारांवर एकदम भार येऊ नये म्हणून पावसाचे पाणी छपरावरच काही वेळ धरून सावकाश सोडण्याची मुद्दाम योजना होती! हेतू किती चांगला, पाहा. गटारांचा विचार झाला, आणि ते पाणी खांद्यावर घेऊन उभे राहायचे कुणी हा प्रश्न मागे पडला.

ज्या संस्थेने १९७६ साली पारितोषिक दिले, तीच संस्था आज अठरा तास मागते. मला यात काही विसंगती दिसत नाही, उलट थोडा मोठेपणाच दिसतो.

अर्थात सगळेच काही सोवळे नाही. मी मेहुण्याला विचारले, “हे फुकट शिकवणारे दानशूर कोण?” तर पुष्कळदा छपराचा माल तयार करणारे कारखानदारच! पाठ चालू असताना स्वतःच्या मालाची जाहिरात करायची नाही, असा संस्थेचा नियम आहे, आणि तो पाळतातही. पण चादर विकणारा शिकवायला लागला की चादरीचे गुण थोडे अधिक रंगवून सांगतो, हे काय सांगायला हवे? गाइड छापणाऱ्या प्रकाशकाने ‘अभ्यास कसा करावा’ यावर भाषण दिले, तर मीही ते एक कान उघडा ठेवूनच ऐकतो. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, मी ढाळ त्यांच्याकडून शिकतो, माल स्वतः निवडतो.” हे मला बरे वाटले.

एवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच तोंड घातले. “हे सगळं आपल्या आजोबांना येत होतं की!”

आणि खरेच होते ते. त्यांचे मूळ घर सोलापूर जिल्ह्यातले, माळवदाचे. तुळया, त्यांवर फळ्या नि काटक्या, त्यांवर मातीचा जाड थर, आणि वर पांढरी माती. कमी पावसाच्या मुलखातले हे कमी उताराचे छप्पर. कोकणात कुणी ते बांधणार नाही, तिथे कौलांचा तीव्र उतारच हवा. मृगापूर्वी पांढरी माती आणायची, पसरायची, चोपून बसवायची. उगवलेले गवत मुळासकट उपटायचे. पन्हळाचे तोंड हाताने साफ करायचे. भर पावसात आजोबा डोक्यावर घोंगडे घेऊन वर जात आणि पाणी कुठे थबकते आहे ते पाहून येत, असे ती सांगत होती. त्यांना कुणी तास लावले नव्हते. त्यांची परीक्षा दर मृगाला होई, आणि नापास झाले तर अंथरुणावरच पाणी येई. छप्पर बांधणारा, त्यावर चढणारा आणि त्याखाली झोपणारा माणूस एकच होता. शहरातल्या इमारतीत हे तिघे तीन ठिकाणी असतात, आणि बहुधा एकमेकांना ओळखतही नाहीत.

आमच्या महाविद्यालयाची गोष्ट याहून वेगळी नाही. अकरा वर्षांपूर्वी आमची नवी इमारत झाली. वर गच्ची, गच्चीखाली ग्रंथालय, आणि ग्रंथालयाच्या ज्या कोपऱ्यात पाणी गळते तिथे नेमका मराठी विभाग. जूनपासून दसऱ्यापर्यंत आमच्या ग्रंथपाल बाई कपाटांवर निळे प्लास्टिक अंथरून ठेवत. तरी जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे बांधीव खंड दोन पावसाळ्यांत दुधात बुडवलेल्या पावासारखे फुगले. ते बाईंनी पंख्याखाली पानपान उलटून वाळवले. काही पाने एकमेकांना अशी चिकटली की ती आता कायमची मिटली. आर्किटेक्टने कंत्राटदाराकडे बोट दाखवले, कंत्राटदाराने पावसाकडे. दर दोनतीन वर्षांनी जलरोधक थर नवा द्यायचा, एवढाच उपाय चालू होता.

एका रविवारी मी मेहुण्याला गच्चीवर नेले. भेगा शोधत फिरेल असे मला वाटले होते, पण त्याने शिपायाकडून बादलीभर पाणी मागवले, ते मधोमध ओतले आणि उकिडवा बसून पाहत राहिला. पाणी थोडे पसरले आणि थांबले. मग तो पाण्याच्या तोंडापाशी गेला. एकावर एक दिलेल्या तीन थरांनी कोबा इतका वर आला होता की जिन्याचा उंबरठा गच्चीच्या खाली गेला होता. आणि पाण्याच्या तोंडांभोवती गवंड्याने व्यवस्थित कडे करून ठेवले होते, म्हणजे पाण्याने बाहेर जायचे तर आधी ते कडे चढायचे! सगळ्या गच्चीला तोंडे दोनच, आणि एकात रबरी चेंडू. कठड्याला दुसरी वाट नाहीच. त्याने कठड्यावर वीट घासून हिशेब केला. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा आमच्या पाचशे चौरस मीटरवर पडला, तर दिवसभरात चारशे बहात्तर टन पाणी दोन तोंडांतून, नव्हे, एका तोंडातून जायचे.

“भाऊजी, आधी कठड्याला भोकं पाडा,” तो म्हणाला. “गळती नंतर बघू.”

त्याने आणखी एक आग्रह धरला. इमारतीच्या मूळ आर्किटेक्टला बोलवा, आणि भांडायला बोलावू नका. तो तरुण आला, पस्तिशीचा असेल. पहिली दहा मिनिटे अंग चोरून उभा होता. मग दोघे गच्चीवर दोन तास ओणवे फिरले. खाली येऊन चहा घेताना तो एकदम म्हणाला, “सर, आमचा कोर्स पाच वर्षांचा. त्यात गच्चीवरचं पाणी एका तासात उरकलं होतं. पुढे जे शिकलो ते गवंड्याकडून, आणि गवंडी शिकला तो त्याच्या गवंड्याकडून.” मग मेहुण्याकडे वळून त्याने त्या पाठाचा पत्ता लिहून घेतला.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्टची नोंदणी होते. वास्तुकला परिषदेचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र तर पुण्यातच आहे आणि तिथे वर्गही होतात. पण वर्ग असणे वेगळे आणि तिथे बसावेच लागणे वेगळे. सक्तीच्या शिक्षणाला मी स्वतः पुष्कळ नावे ठेवली आहेत. उजळणीवर्गातल्या चहाबद्दल तर अजूनही ठेवीन. पण ज्याच्या न शिकण्याने दुसऱ्याच्या कपाटात पाणी शिरते, त्याच्यावर वर्षाला काही तासांची सक्ती असावी, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियेच्या खोलीवरही कुणीतरी गच्चीच बांधलेली असते.

प्राचार्यांनी सभागृहाच्या पडद्यांसाठी ठेवलेले पैसे गच्चीकडे वळवले. या गोष्टीवर सांस्कृतिक मंडळ अजून रुसलेले आहे. मे महिन्यात जुने तिन्ही थर फोडून काढले. राडारोड्याचे ओझे पाहूनच मला धडकी भरली, कारण इतकी वर्षे ते सगळे ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर होते. पाण्याची तोंडे आणखी दोन झाली, कठड्याला भोके पडली, आणि त्या तरुण आर्किटेक्टने पाण्याची नळी धरून प्रत्येक फुटाचा पाव इंच स्वतः मोजला. गवंडी कंटाळून म्हणाला, “साहेब, इतकं काय सोनं तोलताय?”

यंदाच्या पावसाळ्यात कपाटे कोरडी राहिली. ग्रंथपाल बाईंनी निळे प्लास्टिक काढले, पुसले, वाळवले. टाकून मात्र दिलेले नाही. घडी करून टेबलाखाली ठेवले आहे.